लेखणी दुसऱ्याची, पत दुकानदाराची

रायपूरच्या गोल बाजारात माणसाच्या जन्मापासून अंत्यविधीपर्यंत लागणारी प्रत्येक वस्तू मिळते, असे त्या शहरात म्हटले जाते. मालवीय रोडच्या लगत पसरलेल्या या जुन्या बाजारपेठेत भांडी, मसाले, पूजासाहित्य, जडीबुटी आणि लग्नकार्याचे सामान यांची दुकाने एकमेकांना खेटून उभी आहेत. अशा पेठेत खेड्यापाड्यांतून खरेदीसाठी येणारी कुटुंबे बहुधा ठरलेल्याच दुकानाची पायरी चढतात. दुकानावर पाटी नसली तरी त्यांचे अडत नाही. गल्ल्यावर बसलेला माणूस हीच दुकानाची ओळख असते.

ही ओळख आता पायरी चढण्यापूर्वीच मोबाइलच्या पडद्यावर होऊ लागली आहे. जानेवारी २०१८ मध्ये व्हॉट्सअॅपने छोट्या व्यावसायिकांसाठी स्वतंत्र अॅप आणले. फेसबुक आणि इन्स्टाग्राम त्यापूर्वीच बाजारपेठेत पोहोचले होते. नव्या मालाची छायाचित्रे टाकणे, भाव विचारणाऱ्यांना उत्तरे देणे, सणावाराच्या शुभेच्छा धाडणे, तक्रारींची दखल घेणे ही सारी कामे रोजची झाली आहेत. सकाळपासून रात्रीपर्यंत दुकानात उभ्या असलेल्या माणसाकडे त्यासाठी वेळ नसतो, आणि पुष्कळदा सवयही नसते. साहजिकच हे काम दुसऱ्याकडे जाते. तो दुसरा कधी घरातला भाचा असतो, कधी महाविद्यालयात शिकणारा शेजारचा मुलगा, कधी मासिक मोबदला घेणारी एजन्सी, तर अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेचे एखादे साधनही.

दुकानाच्या नावाने दुसराच कोणी बोलू लागला, तर ते बोलणे दुकानाचे राहते काय, हा प्रश्न येथे निर्माण होतो. केवळ लेखन सोपवल्याने खरेपणा जात नाही, असेच अनुभव सांगतो. लेखनाबरोबर मालाविषयीची माहिती आणि दिलेल्या शब्दाचे उत्तरदायित्वही सोपवले जाते, तेव्हा तो जातो. छोट्या व्यवसायाच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे, कारण त्याचे बहुतेक भांडवल पत या एका शब्दात सामावलेले असते.

शिक्का आणि मोर्तब

दुसऱ्याकडून लिहवून घेण्याची रीत नवी नाही. पेढीवर मुनीम किंवा दिवाणजी पत्रे लिहीत, खाते मांडीत आणि उधारीची आठवणही करून देत. त्या पत्रांतील अक्षर मुनिमाचे असले, तरी शब्द पेढीचा मानला जाई. पत्र कोणी लिहिले याची चौकशी घेणारा करीत नसे. पत्रातील शब्द पाळला जातो की नाही, एवढेच तो पाहत असे.

मराठी राज्यकारभारात या रीतीला नियमाचे रूप आले होते. छत्रपती शिवाजी महाराजांची पत्रे बाळाजी आवजींसारखे चिटणीस लिहीत. पत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तब उमटे. लेखनाची मर्यादा येथे संपली, असा त्या मोर्तबाचा अर्थ. त्यानंतर कोणी एखादी ओळ घुसडली, तर ती धन्याची नव्हे हे उघड होई. मसुदा चिटणीसाने करावा, परंतु शिक्का आणि मोर्तब यांवाचून तो राजाचा शब्द ठरू नये, अशी ही व्यवस्था होती. आजही एखादा निर्णय पक्का झाला की त्यावर ‘शिक्कामोर्तब’ झाल्याचे मराठी माणूस म्हणतो. लेखन आणि मान्यता या दोन वेगळ्या क्रिया आहेत, ही जाणीव या शब्दात टिकून आहे.

रायपूरला ही परंपरा परकी नाही. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत यांची मोहीम छत्तीसगढात आली. पुढे १७५८ पासून बिंबाजी भोसले यांनी रतनपूर येथून कारभार पाहिला. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा करीपर्यंत या प्रदेशाचा नागपूरशी राजकीय संबंध होता, आणि त्या काळात मराठी भाषा व मोडी लिपी येथील दप्तरांत आली. गोल बाजारापासून दूर नसलेल्या तात्यापाऱ्यासारख्या भागांतून त्या काळाच्या मराठी वस्तीच्या खुणा आजही दिसतात.

याच रायपूरशी निगडित असलेले पंडित माधवराव सप्रे यांचे उदाहरण या संदर्भात बोलके ठरते. मराठी घरात जन्मलेल्या सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. लोकमान्य टिळकांचा १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ त्यांनी हिंदीत नेला, समर्थ रामदासांचा ‘दासबोध’ही नेला. हिंदी वाचकासमोर आलेला प्रत्येक शब्द सप्रे यांच्या लेखणीतून उतरला होता, आणि तरीही ग्रंथ टिळकांचाच राहिला. त्याला कोणी बनावट म्हटले नाही, कारण मूळ विचार काय आहे हे अनुवादकाने नीट समजून घेतले होते आणि लेखक कोण, अनुवादक कोण हे वाचकापासून लपलेले नव्हते. समाजमाध्यमांचे काम सोपवणाऱ्या दुकानदाराने आपल्या लेखनिकाकडून अपेक्षा ठेवावी ती याच दोन गोष्टींची.

चूक कोठे शिरते

बहुतेक वेळा चूक वाईट हेतूने होत नाही. मजकूर लिहिणारा दूर बसलेला असतो. त्याला माल माहीत नसतो आणि आकर्षक शब्दांची मात्र सवय असते. एक कल्पित उदाहरण घेता येईल. गोल बाजार परिसरातील एका दुकानात दुबराज जातीचा सुवासिक तांदूळ विकला जातो. दुकानदार गिऱ्हाइकाला पोत्यात हात घालून वास घ्यायला सांगतो आणि हा माल अमुक बाजूचा आहे, असे प्रामाणिकपणे बोलतो. त्याची जाहिरात पुण्यात किंवा इंदूरमध्ये बसलेला तरुण लिहितो. इंटरनेटवर शोध घेताना त्याला ‘नगरी दुबराज’ हे नाव सापडते. ते अधिक भारदस्त वाटते म्हणून तो तेच लिहून मोकळा होतो.

वास्तविक नगरी दुबराज या धमतरी जिल्ह्यातील तांदळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्यापूर्वी २०१९ मध्ये सरगुजाच्या जीराफूल तांदळाला ते मिळाले होते. असे मानांकन मिळालेले नाव त्या प्रदेशाबाहेरच्या मालास लावता येत नाही. दुकानदाराने गल्ल्यावर बसून जे खोटे कधी सांगितले नसते, ते त्याच्याच नावाने हजारो लोकांना सांगितले गेले. पुढे एखाद्या जाणकार गिऱ्हाइकाने पोत्यावरचा तपशील मागितला, तर खाली मान घालण्याची वेळ दुकानदारावर येते, लिहिणाऱ्यावर नाही.

कोसा रेशमाच्या बाबतीतही असेच घडू शकते. छत्तीसगढातील चांपा हे गाव कोशासाठी प्रसिद्ध आहे. शुद्ध कोसा आणि मिश्र धाग्याचे कापड यांतील अंतर विणकराला आणि जुन्या दुकानदाराला बोटांनी कळते. ते छायाचित्रात दिसत नाही. म्हणूनच शुद्ध रेशमाची ग्वाही देण्यासाठी केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ मध्ये सिल्क मार्कची योजना सुरू झाली. ज्या साडीवर हे चिन्ह नाही आणि जिच्या धाग्याविषयी दुकानदार स्वतः जपून बोलतो, तिच्या चित्राखाली ‘शंभर टक्के शुद्ध’ असे लिहिले जाते, तेव्हा त्या तीन शब्दांत कित्येक वर्षांची पत पणाला लागते. कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या चित्रांनी हा धोका वाढवला आहे. चित्रातील काठ सुंदर असतो, परंतु तशी साडी दुकानात नसते.

जडीबुटीच्या दुकानांचा प्रश्न याहून गंभीर आहे. एखादी मुळी पोटाला बरी, एवढेच बोलून थांबणाऱ्या विक्रेत्याच्या नावाने ‘मधुमेह मुळापासून बरा’ अशी रील तयार होते. औषधे आणि जादूई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ पासून आहे. ज्या विकारांवरील उपचाराचे दावे करणाऱ्या जाहिरातींना तो मनाई करतो, त्यांत मधुमेहाचा समावेश आहे. दावा करणाऱ्याला हा कायदा ठाऊक नव्हता, एवढ्याने त्यातून सुटका होत नाही. शिवाय अशा दाव्यावर विसंबून कोणी आपले नियमित औषध थांबवले, तर हानी पैशापुरती राहत नाही.

परदेशांतील दोन प्रसंग

काम सोपवल्यानंतर चूक झाली तर काय करावे, याविषयी २०११ मध्ये अमेरिकेत घडलेले दोन प्रसंग उद्बोधक आहेत. त्या वर्षी मार्च महिन्यात क्रायस्लर या मोटार कंपनीच्या ट्विटर खात्यावरून डेट्रॉइटच्या वाहनचालकांविषयी अपशब्द असलेला एक संदेश प्रसिद्ध झाला. तो कंपनीने लिहिला नव्हता. तिचे समाजमाध्यमांचे काम पाहणाऱ्या एजन्सीच्या कर्मचाऱ्याने तो चुकून कंपनीच्या खात्यावरून धाडला होता. एका महिन्यापूर्वीच कंपनीने डेट्रॉइट शहराचा अभिमान मिरवणारी मोठी जाहिरात दाखवली होती, त्यामुळे विसंगती अधिकच बोचली. त्या कर्मचाऱ्याची नोकरी गेली आणि एजन्सीशी असलेला करार पुढे चालू न ठेवण्याचे क्रायस्लरने जाहीर केले.

त्याच्या महिनाभर आधी अमेरिकन रेड क्रॉसच्या खात्यावरून मद्यपानाच्या बेताविषयी एका कर्मचाऱ्याचा खासगी संदेश असाच चुकून गेला होता. रेड क्रॉसने तो काढून टाकला, परंतु झाल्या प्रकारावर पांघरूण घातले नाही. आपण शुद्धीवर आहोत आणि किल्ल्या जप्त केल्या आहेत, अशा आशयाचा हलकाफुलका खुलासा संस्थेने केला. लोकांनी तो मनमोकळेपणाने स्वीकारला. ज्या मद्याचा उल्लेख झाला होता, त्या कंपनीच्या चाहत्यांनी उलट रेड क्रॉसला देणग्या देण्याचे आवाहन केले.

दोन्ही चुका सारख्याच यांत्रिक होत्या. एकाच उपकरणावर अनेक खाती उघडी होती आणि बोट चुकीच्या जागी पडले. दोहोंतील शब्दांचे गांभीर्य वेगळे होते, हे मान्य करावे लागेल. तथापि एक गोष्ट स्पष्ट होते. खात्यामागे माणसे असतात हे लोकांना ठाऊक आहे, आणि चूक झाल्यावर धनी स्वतः पुढे येतो की नाही, याकडे त्यांचे लक्ष असते.

कायद्याची बाजू

भारतीय कायदाही जवळजवळ याच तत्त्वावर उभा आहे. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम २२६ नुसार, प्रतिनिधीने अधिकारात राहून केलेल्या करारांचे आणि कृतींचे परिणाम जणू धन्याने स्वतः ते केले असावेत, असेच मानले जातात. दुकानाच्या खात्यावरून एजन्सीच्या मुलाने ‘दहा दिवसांत बदलून देऊ’ असे कबूल केले, तर ‘तो आमचा माणूस नव्हे’ हे उत्तर सहसा टिकत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये स्थापन झालेले केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दिशाभूल करणारी जाहिरात थांबवण्याचा किंवा बदलण्याचा आदेश व्यापाऱ्यालाही देऊ शकते. अशा जाहिरातीबद्दल उत्पादकास आणि तिची शिफारस करणाऱ्यास १० लाख रुपयांपर्यंत, तर पुन्हा तोच अपराध घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करता येतो. या प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. मोबदला घेऊन वस्तूची प्रशंसा करणाऱ्याने तो संबंध उघड करावा, असे त्यांत अपेक्षित आहे.

खोट्या अभिप्रायांचा मोह छोट्या व्यवसायांना विशेष होतो. अनेक एजन्सी ‘पन्नास उत्तम अभिप्राय’ हे आपल्या सेवेचाच एक भाग म्हणून देऊ करतात. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी विक्रेत्याला ग्राहकाचे सोंग घेऊन आपल्या मालाविषयी अभिप्राय लिहिण्यास मनाई केली आहे. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये स्वेच्छेने पाळावयाचे मानकही तयार केले. अमेरिकेत संघीय व्यापार आयोगाने विकत घेतलेल्या आणि बनावट अभिप्रायांवर बंदी घालणारा नियम केला असून तो ऑक्टोबर २०२४ मध्ये लागू झाला. येथे लेखनिकाने धन्याचा शब्द लिहिलेला नसतो. जो ग्राहक अस्तित्वातच नाही, त्याची साक्ष त्याने लिहिलेली असते. त्यामुळे या कामाला काम सोपवणे असे म्हणताच येत नाही.

एक रास्त आक्षेप

यावर असा आक्षेप घेतला जातो की, खरेपणाचा एवढा आग्रह छोट्या दुकानदारावर अन्याय करणारा आहे. मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती शेकडो माणसे मिळून लिहितात आणि त्यांना हा प्रश्न कोणी विचारत नाही. मग मसाल्याच्या दुकानदाराने दोन ओळी लिहवून घेतल्या तर बिघडले कोठे?

या आक्षेपात तथ्य आहे. शुद्धलेखन, मांडणी, छायाचित्रण, वेळापत्रक ही कौशल्याची कामे आहेत आणि ती जाणत्याकडे देण्यात कमीपणा नाही. ज्याला लिहिता येत नाही किंवा ज्याचे मोबाइलवर बोट चालत नाही, त्याने बाजारातून मागे पडावे, असे कोणीही म्हणणार नाही. किंबहुना काम सोपवण्याची सोय नसती, तर अनेक वयस्क दुकानदार आणि घरून व्यवसाय करणाऱ्या स्त्रिया या माध्यमांपासून दूरच राहिल्या असत्या.

तथापि मोठी कंपनी आणि छोटे दुकान यांच्याकडून गिऱ्हाईक एकच वस्तू विकत घेत नाही. कंपनीकडे ते ठरावीक दर्जासाठी जाते, तर दुकानाकडे ओळखीसाठी. ‘हा डबा घेऊ नका, झाकण सैल आहे’ असे सांगणारा माणूस तेथे बसलेला आहे, म्हणून ते गर्दीतून वाट काढीत येते. सर्व दुकानांची खाती एकाच साच्यातील हिंदी-इंग्रजी घोषवाक्ये बोलू लागली, तर ज्या एका बाबतीत छोटे दुकान मोठ्या विक्रीसंकेतस्थळांना वरचढ होते, तीच बाजू ते आपण होऊन सोडून देते. भाषेचाही येथे विचार करावा लागतो. २००७ मध्ये छत्तीसगढीला राज्यात राजभाषेचा दर्जा मिळाला. बाजारात हिंदी, छत्तीसगढी आणि काही घरांशी मराठीही बोलली जाते. जो दुकानदार समोरच्या माणसाशी त्याच्या बोलीत बोलतो, त्याचेच खाते परभाषेत कृत्रिम लाघव करू लागले की ऐकणाऱ्याला ते तत्काळ जाणवते.

काय सोपवावे, काय राखावे

यावरून व्यवहारात उपयोगी पडेल अशी एक सीमा आखता येते. सजावट, छायाचित्रे, मजकुराची बांधणी आणि प्रसिद्धीची वेळ या गोष्टी निर्धास्तपणे सोपवता येतात. भाव, मालाचे मूळ, शुद्धता, आरोग्याविषयीचा दावा, परत घेण्याची अट आणि तक्रारीचे उत्तर या सहा गोष्टींवर मात्र धन्याची नजर पडल्यावाचून काहीही बाहेर जाऊ नये. हे त्याचे आजचे मोर्तब होय.

त्यासाठी त्याने लिहिण्याची गरज नाही. दिवसाकाठी पाच-दहा मिनिटे आपल्या बोलीत बोलून ध्वनिमुद्रित केली आणि ते लेखनिकाला पाठवले, तरी बरेच साधते. आज कोणता माल आला, कोठून आला, त्यात काय उणे आहे, कोणत्या गिऱ्हाइकाने काय विचारले, हे त्यातून कळते. लेखनिकाने महिन्यातून एखादा दिवस दुकानात बसून गिऱ्हाइकी पाहिली, तर त्याच्या शब्दांत आपोआप फरक पडतो. दुकानदार कोणते शब्द कधीच वापरत नाही, याची एक छोटी यादीही उपयुक्त ठरते. ‘सर्वांत स्वस्त’ असे जो तोंडाने म्हणत नाही, त्याच्या खात्याने ते म्हणू नये.

खात्याचा ताबा हा याचाच दुसरा भाग आहे. पुष्कळदा खाते उघडताना एजन्सीचाच दूरध्वनी क्रमांक आणि ईमेल दिला जातो. पुढे मतभेद झाले की दुकानाचे नाव, छायाचित्रे आणि जमलेले हजारो अनुयायी परक्याच्या हाती राहतात. खाते दुकानाच्या क्रमांकावर असावे आणि इतरांना स्वतःचा पासवर्ड न देता मर्यादित अधिकार द्यावेत. तशी सोय फेसबुकच्या पृष्ठांसाठी उपलब्ध आहे. जुन्या पेढीवर मुनीम खाते लिही, परंतु तिजोरीची किल्ली धन्याच्या कमरेला असे. ती रीत येथेही लागू पडते.

तक्रारीच्या प्रसंगी या साऱ्याची परीक्षा होते. लग्नाच्या आदल्या दिवशी मागवलेल्या सामानातील एखादी वस्तू कमी निघाली आणि वधूच्या घरच्यांनी दुकानाच्या खात्यावर संतापून लिहिले, तर ‘आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ हे तयार वाक्य कोणीही डकवू शकेल. परंतु त्या घराला संध्याकाळच्या आत वस्तू हवी असते. ती कोणत्या कप्प्यात आहे, कोणाच्या हाती धाडता येईल आणि पैसे घ्यावेत की न घ्यावेत, हे ठरवण्याचा अधिकार फक्त गल्ल्यावरच्या माणसाला असतो. त्याने स्वतः फोन करून सामान पोहोचते केले, तर त्याच्या खात्यावरील पुढचा मजकूर कोणी लिहिला, हे त्या घरातील कोणी विचारणार नाही.